नाव, वस्तू आणि परीक्षा : चिनी वनौषधींच्या ओळखीचा प्रश्न

वनौषधीचे नाव हे तिच्या ओळखीचे पहिले साधन होय; परंतु ते ओळखीचा पुरावा मात्र नव्हे. एका नावाखाली अनेक वस्तू नांदतात, आणि एकच वस्तू अनेक नावांनी हिंडते. चीनमधून आलेल्या औषधींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. कारण त्यांची नावे कित्येक भाषांतून फिरून मराठीत आलेली आहेत.

‘दालचिनी’ व ‘चोपचिनी’ ह्या दोन शब्दांचेच उदाहरण घ्यावे. दोन्ही फारसीतून आलेले असून दोहोंचा मूळ अर्थ ‘चिनी लाकूड’ असाच आहे. वस्तू मात्र सर्वस्वी भिन्न : पहिली एका वृक्षाची साल, तर दुसरी एका वेलीचा कंद. चोपचिनीचा व्यापार सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या द्वारे गोव्यात वाढला. गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात ह्या ‘चिनी मुळा’ची स्वतंत्र चर्चा केली आहे. त्याच शतकातील भावमिश्राने तिला ‘द्वीपान्तरवचा’ म्हटले. वचा म्हणजे आपले वेखंड. परंतु चोपचिनीचा वेखंडाशी कुळाचाही संबंध नाही. म्हणजे ‘चोपचिनी’ हे नाव वस्तूचा देश सांगते, तर ‘द्वीपान्तरवचा’ हे नाव तिचे खोटे नाते जोडते. वस्तूचे स्वरूप दोहोंपैकी एकही सांगत नाही.

दालचिनीचा घोटाळा अधिक जवळचा आहे. कांजूरमार्गच्या एखाद्या किराणा दुकानात दालचिनी मागितली, तर हाती येणारी साल श्रीलंकेची खरी दालचिनी असेल किंवा चीन-व्हिएतनामकडील ‘कॅसिया’ असेल; दुकानदार दोहोंना एकच नाव देतो. सालीचे तुकडे अखंड असतील तर डोळ्यांनीही भेद कळतो. खऱ्या दालचिनीच्या सुरळीत कागदासारखे अनेक पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात. कॅसियाची साल जाड, कठीण व एकाच थराची असते. पण पूड झाली की हा पुरावा नष्ट होतो. कॅसियात कौमारिन हे द्रव्य एका ग्रॅममागे काही मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. खऱ्या दालचिनीत ते नाममात्र असते. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज 0.1 मिलिग्रॅम ही त्याची सुरक्षित मर्यादा युरोपीय तज्ज्ञांनी ठरविली आहे. कारण काही व्यक्तींच्या यकृतास त्यापासून अपाय होतो. मसाल्यातील चिमटीने फारसे बिघडत नाही. परंतु औषध म्हणून रोज पूड घेणाऱ्यास हा भेद महत्त्वाचा ठरतो.

नावाच्या गल्लतीने केवढा अनर्थ होतो, हे ब्रुसेल्स येथील घटनेने दाखवून दिले. तेथे वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत 1990 पासून चिनी वनौषधी घालण्यात आल्या. त्यांपैकी एक ‘फांगजी’. चिनी व्यापारात ‘हान फांगजी’ म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्रा, आणि ‘ग्वांग फांगजी’ म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची. नावाचा उत्तरार्ध एकच असल्याने पहिलीच्या जागी दुसरी गेली. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लाने स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. 1993 मध्ये हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. पुढे बाधितांची संख्या शंभराहून अधिक झाली, आणि त्यांपैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही जडला. गोळ्यांतील पुडीचे पृथक्करण केले तेव्हा बहुतेक नमुन्यांत स्टेफानियाचे टेट्रान्ड्रिन नव्हते. ॲरिस्टोलोकिक आम्ल मात्र होते. हीच परीक्षा आधी झाली असती तर अनर्थ टळला असता.

प्रयोगशाळेत ही परीक्षा पायरीपायरीने होते. प्रथम रूप, रंग, वास व चव यांची तपासणी होते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी, स्टार्चचे कण व स्फटिक पाहतात. पुडीलाही ही दुसरी परीक्षा लागू पडते. तिसरी पायरी वर्णलेखनाची. औषधीचा अर्क सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर चढविला असता त्यातील घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात, आणि ठिपक्यांची ती मांडणी प्रमाण नमुन्याच्या मांडणीशी ताडून पाहता येते. डीएनएच्या परीक्षेने जातीचा निर्णय होतो. परंतु औषधी उकळलेली वा अर्करूप असल्यास डीएनए बहुधा तुटलेले असते, शिवाय ते घटकाचे प्रमाणही सांगत नाही.

ओळख पटली म्हणजे प्रत सिद्ध झाली असे मात्र नव्हे. योग्य जातीची औषधीही जुनी, बुरसलेली वा दूषित असू शकते. म्हणून ओलावा, आम्लात न विरघळणारी राख (ही माती-वाळूची भेसळ दाखविते), शिसे-पारा यांसारखे जड धातू, कीटकनाशके व बुरशीची विषे यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. कांजूरमार्ग स्थानकापासून जवळच, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, सूक्ष्म विश्लेषणाच्या यंत्रांची केंद्रीय सुविधा असून बाहेरील संशोधकांनाही तिचा लाभ घेता येतो.

तथापि यंत्र केवळ तुलना करते. कशाशी तुलना करावयाची हे त्यास सांगावे लागते. त्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव निश्चित केलेला प्रमाण नमुना हवा. आणि बाजारातील नाव, ग्रंथातील नाव व शास्त्रीय नाव यांची सांगड घालणारी काळजीपूर्वक केलेली नोंद हवी. ही नोंद चुकली तर उत्तम यंत्रही चुकीच्या वस्तूचे अचूक मोजमाप करील. नामकोशाचे काम व प्रयोगशाळेचे काम ही म्हणूनच परस्परपूरक मानावयास हवीत.