डांबर संपल्यावर भेटणारी कोयना

साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चौकातून सायकल यवतेश्वरच्या घाटाला लावली की पहिला तासभर कुणी कुणाशी बोलत नाही. दम चढासाठी राखून ठेवायचा असतो. कास पठार इथून सुमारे २५ किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर. ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांची इथे रांग लागते. दिवाळी उलटली की फुलं गेलेली असतात, गाड्याही गेलेल्या असतात आणि पठार मोकळं होतं. ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल घेऊन हिंडणाऱ्यांचा हंगाम तेव्हा सुरू होतो.

या मंडळींना डांबर नको असतं. त्यांना मुरूम हवा, खडी हवी, बैलगाडीची चाकोरी हवी. पण डोंगरी सायकलीने धोंड्यांवरून उड्या मारायच्या, असाही हा खेळ नव्हे. कच्च्या रस्त्याने दिवसभर लांब पल्ला गाठायचा, एवढीच त्यातली हौस. त्या हौसेला सह्याद्रीत जे दोन-चार मुलूख पुरून उरतात, त्यांत कास ते तापोळा हा कोयनेच्या खोऱ्याचा पट्टा अगदी वरचा.

पठारावरून उत्तरेला जुना राजमार्ग निघतो. सातारा आणि महाबळेश्वर यांना जोडणारी ही डोंगरधारेवरची पूर्वापार वाट. कुमुदिनी तलाव याच वाटेवर. पायाखाली सगळा जांभा. हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झिजून त्याचे हरभऱ्याएवढे गोल खडे होतात आणि वाटेवर पसरतात. उतारावर, वळणात, ऐन वेळी पुढचा ब्रेक दाबला तर चाक गोट्यांवर पडल्यासारखं सरकतं. त्यामुळे वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वजन मागे न्यायचं आणि हँडल घट्ट न आवळता हातात खेळतं ठेवायचं. टायरमधली थोडी हवा आधीच सोडलेली बरी. रबर खड्यांवर बसतं, ठणठण उडत नाही.

पठारावर उभं राहिलं की मुलखाचा नकाशा कळतो. पूर्वेच्या उताराचं पाणी उरमोडीला जातं, पश्चिमेचं कोयनेला. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या बाकीच्या नद्यांसारखी कोयना सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला धावत नाही. सह्याद्रीच्या धारेला समांतर राहून ती सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे लांबट, अरुंद खोरं असल्यामुळे इथे धरण बांधणं सोयीचं ठरलं. साठच्या दशकात धरण झालं, खोरं भरलं आणि शिवसागर जलाशय तयार झाला. त्यातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन कोकणात पोफळीला सोडतात आणि त्यावर वीज होते.

कास ते बामणोली हा उतार पाचशे मीटरहून अधिक. झाडी दाट होत जाते: जांभूळ, हिरडा, अंजन, अधूनमधून आंबा. सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना डोळे सरावायला क्षणभर लागतो, आणि नेमका तेवढ्यात खड्डा येतो. शेकरूचा खडखडाट ऐकू आला तर थांबावं. एरवी खाली पाण्याची निळी पट्टी दिसेपर्यंत थांबायला मन होत नाही.

बामणोलीजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची पाणी एकत्र येतात. नाववाले हाताने दिशा दाखवून ‘त्रिवेणी’ म्हणतात. आपल्याला दिसतो तो एकच रुंद जलाशय. इथल्या रस्त्यांचं कोडं त्या पाण्यात आहे. जुनी गावं नदीकाठी होती, जुन्या वाटाही काठाकाठाने जात. धरणात दोन्ही बुडालं. काही कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगडकडे हलवली गेली. जी राहिली ती उतारावर चढून बसली आणि त्यांच्यासोबत वाटाही वर चढल्या. त्यामुळे आज समोर दिसणारं गाव पाण्यावरून हाकेच्या अंतरावर असतं आणि रस्त्याने मात्र डोंगराच्या प्रत्येक घळीत शिरून, बाहेर येऊन, तासाभराने हाती लागतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला तडकलेल्या गाळाचा उघडा पट्टा दिसतो.

पलीकडे जायला तराफा. लोखंडी फळीवर एखादी जीप, दोन-चार मोटारसायकली, गॅसच्या टाक्या, पोती आणि त्यांत आपली सायकल. मी गेलो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी टायर दाबून पाहिला, गिअर मोजले आणि विचारलं, ‘‘एवढी महागाची गाडी घेऊन इकडं कशाला?’’ कच्चा रस्ता आवडतो म्हणून, असं मी सांगितलं. आजोबा हसले. ‘‘मग आमचाच घेऊन जावा की! चाळीस वर्सं मागतोय डांबर.’’

तराफ्यावरचे सगळे हसले, मीही हसलो. पण पलीकडच्या चढावर ते हसू घशात अडकलं. रात्री आजारी माणसाला इथून दवाखान्यात न्यायचं तर आधी ही खडी, मग पाणी, मग घाट. माझ्या दिवसभराच्या मौजेची चाकोरी त्यांच्या पायांना रोजची आहे. घरोघरचे कर्ते मुंबईला माथाडीत नाहीतर गोदीत गेले, त्यामागे हा रस्ताही आहेच. तेव्हा दरवर्षी या वाटांवरचा आणखी एखादा तुकडा काळा होताना दिसला तर हळहळायचा हक्क सायकलवाल्याला नाही.

तापोळ्याहून महाबळेश्वरचा घाट सुमारे सातशे मीटर चढवतो. त्याआधी नाचणीची भाकरी आणि पिठलं पोटात असलं तर बरं. हा पूर्ण फेरा, म्हणजे सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर आणि परतीला केळघर घाटाने मेढा, दोन दिवसांत आरामात होतो, मुक्काम तापोळ्याला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात हाच मुरूम चिखल होऊन चाक आणि चौकटीच्या मधे लिंपला जातो. जादा ट्यूब, हवेचा पंप आणि पाणी सोबत हवंच, मधे दुकान मिळेलच असं नाही. कासच्या फुलांच्या हंगामात राजमार्गावर सायकल घालण्याआधी तिथल्या वनसमितीला विचारावं. वासोटा किल्ल्याकडचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिकडे परवानगी घेऊन, लाँचने आणि पायीच जायचं. गव्याच्या वाटेत सायकल आणू नये.

परतताना त्याच धक्क्यावर थांबलो. तराफा पलीकडे होता. या काठाला एक बाई औषधांची पिशवी मांडीवर घेऊन वाट पाहत बसली होती. तिने विचारलं, ‘‘पलीकडं कुठवर डांबर झालंय?’’ मी माझ्या टायरला लागलेली तांबडी धूळ दाखवली. ती म्हणाली, ‘‘म्हंजे अजून तसंच,’’ आणि पदराने तोंड पुसून पाण्याकडे बघत राहिली.