वाकळेसाठी इस्त्री घेताना

"वाकळ शिवायची आहे, की इडल्या करायच्यात?"

माझ्या हातातल्या नव्या इस्त्रीतून भस्सकन वाफ निघाली, तशा सासूबाई म्हणाल्या. त्यांचंही खरंच आहे म्हणा! आमच्या सातारा-सांगलीकडे वाकळेला इस्त्री लागते हे कुणी कधी ऐकलंय? जुनी लुगडी, धोतरं जमिनीवर एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर तांब्या नाहीतर वरवंटा ठेवायचा, तळहाताने सुरकुत्या बाहेर सारायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. अंगावर वापरून उतरलेलं कापड इतकं मऊ झालेलं असतं, की त्याला वेगळी इस्त्री हवी कशाला?

पण मैत्रिणींनो, तशी वाकळ आता आपण कुठे शिवतो? आपण चौकोन कापतो, ते मशीनवर जोडतो, मग त्याला खाली अस्तर लावतो. चौकोन आले म्हणजे शिवणी आल्या. प्रत्येक शिवण दाबून नीट बसवली नाही, तर एका चौकोनामागे दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सोळा चौकोनांची एक ओळ झाली, की तीन सेंटिमीटरच्या वर घोळ! वरची ओळ लांब, खालची आखूड. मी शाळेत मराठी शिकवते, तेही अर्धवेळ. पण हे गणित मला पहिल्याच वाकळेनं पक्कं शिकवलं.

तेव्हा इस्त्री हवीच. प्रश्न एवढाच, की कोणती? मी पहिली इस्त्री घेतली ती चुकीची घेतली. मोबाईलवर चित्र बघून, अर्ध्या किमतीत मिळते म्हणून. तिची किंमत मला दुसरीकडेच मोजावी लागली.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तो सांगलीकर विसरणार नाहीत. ४५ फूट ही आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यात आईची ट्रंक बुडाली आणि ट्रंकेत आजीची चार इरकली लुगडी होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा दोन हातात धरताच फाटली. दोन वाचली. आईने ती किती पाण्यांतून काढली ते तिचं तिलाच ठाऊक. पुढे ते घर सोडून आई-बाबा विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहायला गेले, लुगडी कपाटात गेली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने ती बाहेर काढली. म्हणाली, "घडी करून किती दिवस ठेवायची? वाकळ कर. पोरीच्या अंगावर राहू देत." मी माझी वाफेची इस्त्री साताऱ्याहून बरोबर नेलीच होती. पहिलं लुगडं टेबलावर पसरलं, वाफ सोडली, आणि खोलीभर वास पसरला. चिखलाचा, कुजकट, ओला. इतक्या वर्षांनी! आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि नुसतं म्हणाली, "बंद कर गं ते."

वाफेचा हा गुण मला तोवर माहीत नव्हता. कापडाच्या धाग्यात मुरलेला वास कोरड्या इस्त्रीने फारसा जाणवत नाही. गरम ओलाव्याने तो बाहेर येतो. बंद कपाटातलं, पेटीतलं जुनं कापड वाकळेला घेणार असाल, तर आधी धुऊन दोन-तीन उन्हं दाखवा, मगच वाफ द्या. आम्ही तेच केलं. वास गेला, अगदी सगळा नाही. पण आईला पुन्हा बाहेर यावं लागलं नाही.

खरी चूक मी तिसऱ्या दिवशी केली. लुगड्याचं अंग सुती, पण पदर रेशमी. तो भाजायला नको म्हणून मी इस्त्रीचा काटा खाली आणला आणि वाफ मात्र चालूच ठेवली. दोन मिनिटांत टोकाच्या भोकांतून पाणी ठिबकलं. साधं पाणी नव्हे, तपकिरी. पदरावर तीन डाग. मी लिंबू आणायला धावले, तर आईने हात धरला, "लिंबू नको लावू, रंग जाईल." पुरातून वाचलेलं लुगडं माझ्या हातून असं बिघडावं, याचं मला फार लागलं. तिला किती लागलं असेल ते तिने बोलून दाखवलं नाही.

सुट्टी संपल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी उलगडा केला. वाफेच्या इस्त्रीत पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या तळावर पडतं आणि तिथल्या तिथे त्याची वाफ होते. तळ पुरेसा तापलेला नसेल, तर पाण्याची वाफ न होता ते तसंच भोकांतून बाहेर येतं. आणि येताना आत साचलेला गाळ, क्षार, गंज बरोबर घेऊन येतं. विश्रामबागेतल्या इमारतीला बोअरचं पाणी. त्या पाण्याने आईच्या किटलीत पांढरी खपली धरते, मग इस्त्रीच्या बारीक वाटांचं काय होणार? आठ दिवस मी तेच पाणी भरत होते!

म्हणून इस्त्री निवडताना मी सगळ्यांत आधी बघते ते वाफ किती निघते ते नव्हे, तर वाफ पूर्ण बंद करता येते का, आणि बंद केल्यावर गळत नाही ना, हे. दुकानदाराला पाणी भरून, इस्त्री लावून दाखवायला सांगा. आपल्या पिशवीत एक पांढरा पंचा घेऊन जा. आधी इस्त्री चांगली तापू द्या, दिवा विझला की पंच्यावर फिरवा. मग काटा खाली आणा, पाच मिनिटं थांबा आणि परत पंच्यावर आडवी धरा. ठिबकली तर ती इस्त्री घेऊ नका, मग तिच्यावर किती का सूट असेना. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे. आपण साडी घेताना दहा साड्या उलगडायला लावतो, तेव्हा नाही वाटत संकोच!

काट्यावर टिंबं असतात त्यांचा अर्थही सांगून ठेवते. एक टिंब म्हणजे साधारण ११० अंश, नायलॉनसारख्या कापडाला. दोन टिंबं १५० च्या आसपास, रेशीम आणि लोकरीला. तीन टिंबं २०० पर्यंत, सुती कापडाला. बहुतेक वाफेच्या इस्त्र्यांना वाफ धरायला किमान दोन, आणि खात्रीची वाफ हवी तर तीन टिंबं लागतात. म्हणजे वाफ ही मुळात सुती कापडाची सोबतीण. नायलॉनच्या साडीचे तुकडे वाकळेत घालणार असाल, तर वाफ बंदच ठेवा.

आता वजन. हलकी इस्त्री म्हणजे चांगली, असं जाहिरातीत सांगतात. शर्टाला ते ठीक आहे. वाकळेच्या शिवणीला मात्र वजन लागतं, कारण तिथे इस्त्री घासायची नसते, दाबायची असते. ठेवा, दोन-तीन सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. घासली की कापड ताणतं. त्यातून तिरकं कापलेलं असेल आणि वर वाफ असेल, तर चौकोनाचा पतंग झालाच म्हणून समजा. पूर्वी पितळी तांब्यात निखारे घालून कपड्यांवरून फिरवत, ते काम वजन आणि उष्णता या दोनच गोष्टींवर चालायचं. मला स्वतःला दीड किलोच्या जवळपासची इस्त्री बरी वाटते. तासभर उचल-ठेव करून मनगट दुखत नाही ना, ते दुकानात हातात धरूनच बघा.

तिचं टोक निमुळतं हवं, म्हणजे उघडलेल्या शिवणीच्या कोपऱ्यात जातं. या टोकावरून एक गंमत आठवली. १८७१ साली अमेरिकेतल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स या बाईने सुटणाऱ्या लाकडी मुठीच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं. तिच्या इस्त्र्या दोन्ही बाजूंनी टोकदार असत, पुढेही जायच्या आणि मागेही. विजेच्या इस्त्रीचं पेटंट आलं ते नंतर, १८८२ मध्ये, ते एका पुरुषाचं. त्याने मागचं टोक काढून टाकलं की काय कोण जाणे, पण आम्हा शिवणाऱ्यांना ते आजही उपयोगी पडलं असतं!

विजेचं दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून थोडं लिहिते. साधी १००० वॉटची इस्त्री साधारण साडेचार अँपिअर वीज घेते, ती घरातल्या लहान प्लगवर चालते. वाफेच्या इस्त्र्या १६०० वॉटच्या, २००० वॉटच्याही असतात. त्यांना सात ते नऊ अँपिअर लागतात. त्यांना मोठा, १६ अँपिअरचा प्लगच हवा. बारीक पिन बसवून लहान सॉकेटात घुसवू नका. आयएसआयची खूण तर बघाच, ती इस्त्रीवर असणं कायद्याने सक्तीचं आहे. आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बहिणींनी हे लक्षात घ्यावं, की दिवे मंद असताना इस्त्री वाजवीपेक्षा फारच थंड असते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्टच आले, तर उष्णता चौथाईनेच कमी होत नाही, जवळजवळ चाळीस टक्के कमी होते. अशा वेळी वाफ सोडली तर पाणीच गळणार. तेव्हा कोरडी इस्त्री करावी, नाहीतर चहा करून घ्यावा.

दुकानदार "मिनिटाला इतके ग्रॅम वाफ" असं सांगून भारावून टाकतात. साधा हिशेब करा. मिनिटाला वीस ग्रॅम वाफ आणि टाकीत दोनशे मिलिलिटर पाणी, म्हणजे दहा मिनिटांत टाकी रिकामी. वाकळेला सलग वाफ लागतच नाही. बटण दाबलं की एकदम निघणारा वाफेचा झोत मात्र कामाचा, घडीच्या जुन्या रेघा त्याने चटकन मोडतात. उभ्या कपड्यांवर वाफ मारायची यंत्रं हल्ली निघाली आहेत, ती यासाठी घेऊ नका. त्यांत दाब नाही, आणि शिवण दाबाने बसते.

पाणी कोणतं? बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी चालतं. आरओ यंत्राचं पाणी असेल तर तेही बरं. नुसतं गाळलेलं पाणी पुरत नाही, क्षार गाळण्यातून जात नाहीत. उकळून गार केलं तर काही खाली बसतात, सगळे नाही. साताऱ्यात आमच्याकडे कासचं पाणी येतं, पावसाचं साठलेलं. त्याने माझ्या घरी किटलीला खपली म्हणून धरत नाही. काम झालं की टाकीतलं पाणी ओतून द्या आणि इस्त्री उभी ठेवा. मी आधी भरलेलीच कपाटात ठेवत असे. आता कळतंय, गंज कुठून आला.

अस्तराला इचलकरंजीचं कोरं कापड बरेच जण घेतात, मीही घेते. ते आधी भिजवून वाळवा, थोडं ओलसर असतानाच कडक इस्त्री करा, मग कापा. कोरं कापड आटतं. न भिजवता शिवलंत तर पहिल्या धुण्यात वाकळ गोळा होईल आणि दोष इस्त्रीला द्याल. आत कृत्रिम कापूस भरणार असाल, तर थर जोडल्यावर वरून गरम इस्त्री मुळीच नको, तो चपटा होऊन चिकटतो. सगळी इस्त्री थर लावण्याआधी.

एक मात्र मनापासून सांगते. वर्षाकाठी एखादी वाकळ करणार असाल, तर वाफेची इस्त्री विकत घेऊच नका. घरातली साधी जड इस्त्री आणि घट्ट पिळलेला पंचा, एवढ्यात काम होतं. पंचा सुती कापडावर पसरा, वर इस्त्री दाबा, वाफ आपोआप मिळते; आणि ती गळत नाही, तपकिरीही नसते. आमच्या वाकळ शिवणाऱ्या मावशी माझी नवी इस्त्री बघून म्हणाल्या, "ह्यात आनी वल्या फडक्यात काय येगळं हाय, बाई?" वेगळं इतकंच, की मी वर्षाला चार-पाच वाकळा करते आणि फडकं पिळून पिळून माझे हात भरून येतात. म्हणून मी दुसरी इस्त्री घेतली, या खेपेला दुकानात जाऊन, पंचा घेऊन.

डाग पडलेल्या पदराचं काय करावं ते मला महिनाभर सुचेना. कापून टाकवेना, वर लावायला धीर होईना. शेवटी आईलाच फोन केला. ती म्हणाली, "आतल्या थरात घाल की. वाकळेच्या पोटात काय काय असतं, कोण बघायला जातंय?" तसंच केलं. लुगड्याचं अंग वर आलं, काठ चौफेर गेला, आणि पदर मधे, माझ्या लेकीच्या पायाशी येईल असा.

दिवाळीला टाके घालायला सांगलीला गेले, तेव्हा इस्त्रीबरोबर कासच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅनही नेला. बाबांनी तो दारातच बघितला आणि आईला हाक मारली, "अगं, बघितलंस का? कृष्णाकाठच्या माणसांना ही साताऱ्याहून पाणी घेऊन आलीय!"