गेमच्या मशीनमधली चिप : धंदा कुठवर, गुन्हा कुठून?

दुरुस्तीच्या दुकानांत बसणारी आपल्या समाजातील कितीतरी मुले गेमचे कन्सोल खोलण्यात तरबेज आहेत. हात साफ आहे. परंतु त्यात चिप बसवणे गुन्हा आहे काय, असे विचारले की कोणी 'बिनधास्त करा' म्हणतो, तर कोणी थेट तुरुंग दाखवतो. दोघेही अर्धेच सांगतात.

आधी मूळ प्रकार समजून घेऊ. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन १९९४ साली जपानात आले. त्याच्या अस्सल डिस्कवर, आतल्या काठाशी, विभागाची अक्षरे बारीक नागमोडी खाचेत दडवलेली असत. जपानची वेगळी, अमेरिकेची वेगळी, युरोपची वेगळी. साध्या सीडी रायटरला ही खाच उमटवता येत नसे. अक्षरे सापडली नाहीत तर मशीन डिस्क घेत नसे. मॉडचिप ती अक्षरे स्वतःच मशीनला पुरवी. मग चोरीची नक्कलही चाले आणि अमेरिकेत रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल डिस्क युरोपच्या मशीनवरही चाले. कुलूप एकच, दारे दोन. सुरतेत घेतलेले थान मुंबईत शिवू नका, असे कोणती गिरणी सांगते?

याच मुद्द्यावर ऑस्ट्रेलियात खटला झाला. सिडनीचे एडी स्टीव्हन्स चिप विकत आणि बसवून देत. सोनीने त्यांना कोर्टात खेचले. तिथला सरकारी ग्राहक व स्पर्धा आयोग चक्क चिपच्या बाजूने उभा राहिला, कारण त्याला विभागाचे कुलूप खटकत होते. चिपच्या मुद्द्यावर सोनी २००२ साली हरली, २००३ साली अपिलात जिंकली. ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, जे त्या देशातले सर्वांत वरचे न्यायालय आहे, पुन्हा स्टीव्हन्स यांच्या बाजूने कौल दिला. हे कुलूप नक्कल करणे रोखत नाही, झालेली नक्कल फक्त चालू देत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे २००६ साली तिथला कायदा कडक झाला. पण परदेशात घेतलेली अस्सल प्रत अडवणारे विभागाचे कुलूप त्यातून वगळले गेले.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'इरादा' हा शब्द लक्षात ठेवावा. दुकानदारांना ठाऊक नसलेली गोष्ट त्याच कलमात पुढे आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून दिले, तर त्याचे नाव, पत्ता, ओळख आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी लागते. भाच्याला विचारले, अशी वही आहे का? तो माझ्याकडे बघतच राहिला.

चिपसोबत पन्नास गेम भरून देणे ही मात्र निराळी गोष्ट. तिथे कलम ६३ लागते. जाणूनबुजून, धंद्यासाठी केले तर ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड.

कंपनी परदेशी, मालदार, तिचे काय बिघडते, असे काही भाई म्हणतात. १९८८ साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला, की लेखन, शोध आणि व्यापारनाम यांवरचे हक्क शरीयतला मान्य आहेत आणि त्यांच्यावर हात टाकणे जायज नाही. माझ्या साडीच्या बुट्टीची नक्कल दोन आठवड्यांत बाजारात आली होती, तेव्हा माझी झोप उडाली होती. नक्कल करणाऱ्यालाही मी मालदारच वाटलो असेन!

भाच्याने दरपत्रकातली 'गेम भरून मिळतील' ही ओळ खोडली आहे. गिऱ्हाईक तुटले, हे खरे. वहीही घातली आहे. महिनाभरात तीन नावे झाली.