ट्रॅक डेला निघालात? आधी ब्रेक ऑइल बघा

पनवेलकरांनो, कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर हौसेनं गाडी पळवायला जाणार असाल, तर इंजिनाआधी ब्रेककडे बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला काय तोटा! डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उकळबिंदू ताजं असताना २३० अंश, ओल शोषल्यावर १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला. त्यामुळे जाण्याआधी सीलबंद बाटलीतलं नवं ऑइल भरून एअर काढून घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

आता ब्रेक पॅड. निव्वळ रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. रोज बाजारात न्यायच्या गाडीला ते नकोतच. जास्त उष्णता सोसणारे रस्त्याचे पॅड घ्या, आणि निम्मे झिजले असतील तर बदलूनच निघा.