कोलेस्टेरॉल कमी, म्हणजे आयुष्य जास्त?

वस्तीत आरोग्य शिबिर झाले की आपल्या ज्येष्ठांच्या हाती रक्ताचा अहवाल येतो. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या वर दिसले की घरात घबराट उडते आणि अंडी, शेंगदाणे एकदम बंद होतात. आजी-आजोबांच्या ताटातले पदार्थ काढून घेण्याआधी हा आकडा उतारवयात काय सांगतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींचे आवरण, काही संप्रेरके आणि पित्तरस यांसाठी ते लागते. बरेचसे आपले यकृतच तयार करते. मात्र त्यातले एलडीएल वाढले की ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

२०२३ मध्ये स्वीडनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८५ ते १९९६ या काळात रक्त तपासलेल्या ४४ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती त्यात होती. त्यांपैकी १,२२४ जणांनी शंभरी गाठली. साठीनंतर त्यांची रक्तातील साखर, क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड इतरांपेक्षा साधारणपणे कमी होते. एकूण कोलेस्टेरॉल सर्वांत कमी असलेल्या गटाची शंभरी गाठण्याची शक्यता मात्र कमी आढळली.

म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवायचे का? नाही. कुपोषण आणि दीर्घ आजारातही ते घसरते. त्यामुळे फार कमी आकडा हे दुबळेपणाचे कारण नसून लक्षणही असू शकते. वजन आणि भूकही कमी होत असेल, तर अहवाल ‘चांगला’ म्हणून बाजूला ठेवू नये.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना किंवा स्टेंट बसवलेल्यांना स्टॅटिन गोळ्यांचा फायदा म्हातारपणीही होतो. त्या परस्पर बंद करू नयेत. असा आजार नसलेल्या पंचाहत्तरीपुढच्या माणसाला गोळी हवी का, हे डॉक्टरांनी त्याची एकूण प्रकृती पाहून ठरवावे.

म्हणून शिबिर घेताना आपण कार्यकर्त्यांनी फक्त कोलेस्टेरॉलवर थांबू नये. रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि वजनही नोंदवावे. तंबाखू-मिश्रीबद्दल विचारावे. रोजच्या जेवणात डाळ, उसळ, अंडे मिळते का आणि चावता येते का, हेही विचारावे. शिबिरानंतर अहवाल घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणारे कोणीतरी असले पाहिजे. तिथे आपली, तरुणांची खरी गरज आहे.