मनगटाचे दुखणे आणि भरपाईचा प्रश्न

दिवसभर फळ्यावर लिहिले की खांदा भरून येतो; रात्री झोप झाली की सकाळी बरे वाटते. पण एकच हालचाल रोज हजारो वेळा करावी लागली आणि विश्रांती पुरेशी मिळालीच नाही, तर काय होईल?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांबरोबर कापड, औषधे, पोलाद यांचेही कारखाने आहेत. जवळच चिंचणी-वरोर भागात दागिन्यांचे डाय कोरण्याचा व्यवसाय चालतो. वायूची गळती नाकाला कळते, यंत्रात बोट सापडले तर रक्त दिसते. खोकी भरणाऱ्या किंवा डाय कोरणाऱ्या हाताचे दुखणे मात्र बाहेरून दिसत नाही.

समजा, एक खोके भरायला ६ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला १०, तासाला ६०० आणि ८ तासांच्या पाळीत ४,८०० वेळा मनगट वळते.

मनगटात काय घडते?

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटे हलवा. हालचाल तिथे जाणवते. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू तिथे असतात. दोरीसारख्या कंडरा त्यांची ओढ बोटांपर्यंत नेतात. मनगटाशी ८ लहान हाडे आणि त्यांवरचा अस्थिबंधाचा पट्टा यांमधून एक अरुंद बोगदा जातो. त्यात ९ कंडरा आणि १ चेता दाटीने बसलेली असते. कंडरांभोवतीचे आवरण सुजले तरी बोगदा रुंदावत नाही. दाब चेतेवर येतो. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची एक बाजू यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. करंगळी सुटते, कारण तिची चेता या बोगद्यातून जात नाही. जोर लावणे, मनगट वाकवून काम करणे आणि यंत्राचा कंप यांनी धोका वाढतो.

अपघात कोणता?

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७१३ साली लेखनिकांच्या हाताच्या दुखण्याचे वर्णन केले. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हातात येणारा पेटका भरपाईयोग्य रोगांच्या यादीत आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० सालच्या यादीतही मनगटातील चेतेवरच्या दाबाचा समावेश आहे.

आपल्याकडचा भरपाईचा कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. चौकट मात्र तीच आहे. शिसे, पारा, बेन्झीन यांची विषबाधा, आवाजाने येणारा बहिरेपणा असे रोग अनुसूचीत आहेत. रोग यादीत असला की तो कामामुळेच झाला असे धरून चालतात. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. मनगटाचे हे दुखणे यादीत नाही. यादीबाहेरच्या रोगासाठी तो एका विशिष्ट अपघाती इजेतून झाला, हे कामगाराला दाखवावे लागते. आता ४,८०० हालचालींपैकी नेमकी कोणती, कोणत्या दिवशीची हालचाल अपघात म्हणायची?

थोडी वाट मुंबई उच्च न्यायालयाच्या १९५३ सालच्या लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट या निकालाने दाखवली. तो खटला हृदयविकाराने मरण पावलेल्या पहारेकऱ्याचा होता. आधीचा आजार कामाच्या ताणाने बळावला असेल तरी भरपाईचा हक्क राहतो, असे तत्त्व त्यात मांडले गेले. पण कामाचा संबंध पुराव्यानिशी दाखवावा लागतोच. मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारांतही हेच दुखणे होते, आणि तो मुद्दा मालकाकडून हमखास येतो.

पुरावा कसा राखावा?

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कामाचे स्वरूप सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यावे. पाळीचे तास, नगांची संख्या, त्रास सुरू झाल्याची तारीख टिपून ठेवावी. कारखान्याला लेखी कळवून त्याची प्रत जपावी. चेतेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी असते. तिचा अहवाल उपयोगी पडतो. राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल, तर भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळाकडे मागायची. कंत्राटी कामगाराने ओळखपत्र आणि पगाराची पावती टाकून देऊ नये. स्वतःच्या घरी, स्वतःसाठी डाय कोरणाऱ्याला मात्र मालकच नाही. त्याने दावा कोणावर करायचा?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मनगट सरळ ठेवून चेंडू घट्ट दाबा; मग मनगट पूर्ण आत वाकवून दाबा. पकड ढिली पडते. पकड तेवढीच ठेवायची तर स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो. टेबलाची उंची थोडी बदलून मनगट सरळ राहिले, कामाची अदलाबदल आणि मध्येमध्ये विसावा मिळाला, तर दुखणे टळू शकते. मुलांना घरी विचारायला सांगा: आई-बाबांचे मनगट एका पाळीत किती वेळा वळते?