एका द्राक्षाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे सांगतात. द्राक्षाच्या वेलीचेही तसेच आहे. ती देशोदेशी जाते, वाटेत जुने नाव टाकते आणि नवे धारण करते. मी नोकरीनिमित्त राहतो त्या तांबरमच्या बाजारात कंबम खोऱ्यातील काळी ‘पन्नीर’ द्राक्षे येतात. ती यूरोपातील ‘मस्कॅट हॅम्बर्ग’ होत, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. परंतु आपल्या नाशिककडे वाइनसाठी लावलेल्या ‘झिनफँडेल’ या काळ्या द्राक्षाच्या कुळावरून शतकाहून अधिक काळ वाद चालला होता.

ही वेल नाशिकला आली कॅलिफोर्नियाच्या मार्गाने. तेथे तिला कोणी आणले, याची एक लोकप्रिय कथा आहे. अगोस्टन हारास्टी नावाचा एक धडाडीचा हंगेरियन गृहस्थ १८६१ साली यूरोपात फिरून शेकडो जातींची कलमे घेऊन आला, त्यांतच ही होती, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले व जगाने ते मानले. चार्ल्स सुलिव्हन या इतिहाससंशोधकाने जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा ही कथा टिकली नाही. लाँग आयलंडवरील जॉर्ज गिब्ज या रोपवाटिकावाल्याने १८२० च्या दशकातच व्हिएन्नाच्या राजसंग्रहातून कलमे मागविली होती, आणि १८३० च्या दशकात बॉस्टनकडील माळी हे द्राक्ष काचघरांत वाढवीत होते. सोन्याच्या शोधात माणसे पश्चिमेकडे लोटली, त्यांच्या मागोमाग ही वेलही गेली. कीर्ती मात्र साहसी पुरुषाच्या वाट्याला आली. रोपे विकणाऱ्याचे नाव कोण लक्षात ठेवतो?

व्हिएन्नाच्या पलीकडचा माग कागदांतून लागेना. १९६७ मध्ये ऑस्टिन गोहीन या अमेरिकन शास्त्रज्ञाला दक्षिण इटलीतील ‘प्रिमितिवो’ द्राक्ष हुबेहूब तसेच दिसले. पुढे कॅरोल मेरेडिथ यांनी झाग्रेब विद्यापीठातील पेयिच व मालेतिच यांच्या सहकार्याने क्रोएशियाचा किनारा पिंजून काढला. २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेल नोवी येथील एका जुन्या मळ्यात तीच जात सापडली. वेली मोजक्याच उरल्या होत्या. डीएनए-परीक्षेने झिनफँडेल, प्रिमितिवो आणि ती एकच असल्याचे सिद्ध झाले.

मूळ गावी मरणपंथाला लागलेली ही जात कॅलिफोर्नियात तगली ती लहान बागाइतदारांमुळे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळातही इटलीहून आलेल्या अनेक कुटुंबांनी आपल्या वेली उपटल्या नाहीत. पुढे जोसेफ स्वान, रिज, रेव्हन्सवूड अशा छोट्या उत्पादकांनी जुन्या वेलींच्या गडद वाइनला प्रतिष्ठा दिली. १९७५ मध्ये सटर होमच्या एका पिंपातील आंबण्याची क्रिया मध्येच थांबली. साखर शिल्लक राहिली आणि गोडसर गुलाबी वाइन तयार झाली. जाणकारांनी नाके मुरडली, पण तिच्या खपामुळे कितीतरी जुने मळे वाचले.

नाशिकचा प्रयोग राजीव सामंत यांचा. कॅलिफोर्नियात शिकून परतल्यावर त्यांनी गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीत प्रथम इतर पिके करून पाहिली, मग केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञाच्या सल्ल्याने वाइनची द्राक्षे लावली. २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन निघाली. हे नाव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्यावरून घेतले आहे. त्यापूर्वी नारायणगावला श्याम चौगुले यांनी फेसाळ वाइन केली होतीच. झिनफँडेल मात्र भारतात प्रथम आणले ते सुलाने.

कॅलिफोर्नियात वेल हिवाळ्यात निष्पर्ण होऊन झोपते. नाशिकला तिला झोप अशी नाहीच. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसत्या काड्या तयार करावयाच्या, पावसाळा सरताना फळछाटणी करावयाची, आणि जानेवारी ते मार्चमध्ये, कॅलिफोर्नियाच्या उलट्या हंगामात, तोडणी. त्यात झिनफँडेलचा घड दाट. एकाच घडात काही मणी हिरवे, तर काही मनुकांसारखे सुरकुतलेले. केव्हा तोडावे हे ठरविताना बागाइतदाराची परीक्षा असते.

सरकारी कागदाने सहसा वेल वाढत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. तरी २००१ च्या महाराष्ट्राच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने करात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली आणि लहान कारखाने भराभर उभे राहिले. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, कारखान्यांनी खरेदी आखडली. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे, त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. कित्येक शेतकऱ्यांनी त्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वेल फळावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवरचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर असतो. ज्यांच्या हाती कारखान्याचा लेखी खरेदी-करार होता, त्यांना निदान दाद मागण्यास जागा होती. ज्यांनी नुसत्या तोंडी भरवशावर वेली लावल्या, त्यांना तीही नव्हती.